भिंतीकडे तोंड केलेला नकाशा

१

ग्रंथपाल साथीत गेले त्याला आठवडा झाला नव्हता, आणि मोठ्या सरांनी खापर फोडायला डोकं शोधूनही ठेवलं होतं.

"मावशी," ते म्हणाले. "दुसरं कोण असणार?"

भूगोलाच्या बाई उभ्याच होत्या. साथ आल्यापासून मुख्याध्यापकांच्या खोलीतली पाहुण्यांची खुर्ची गायब होती. सरांच्या टेबलापुढे प्लास्टिकचा पडदा टांगलेला होता आणि त्यामागे त्यांचा चेहरा पाण्यात बुडवल्यासारखा हलत होता.

"ग्रंथालयात सफाईला ती एकटीच जायची. तिच्या मुलीला ताप होता, तो तिने लपवला. नियम काय सांगतो? घरात कुणी आजारी पडलं तर शाळेला कळवायचं आणि घरी बसायचं. हिने दोन्ही केलं नाही. शुक्रवारी संस्थेचे सचिव येतायत. तुम्ही चौकशी केली म्हणून चार ओळी लिहा, प्रकरण मिटलं."

"मीच का?"

"तुमच्या शब्दाला वजन आहे, बाई."

वजनाचं काही नव्हतं. बाई लवकरच निवृत्त होणार होत्या, आणि जाता जाता कुणी भांडण ओढवून घेत नाही, एवढाच सरांचा अंदाज होता. मुलं बाईंना मागून 'होकायंत्र' म्हणत. कसंही फिरवा, सुई आपल्या दिशेलाच. सर मुलांशी बोलत असते तर त्यांना हे कळलं असतं.

"आणि मावशीची खोली?"

"नोकरी गेली की खोली गेली. त्यात विचारायचं काय?"

टाकीमागच्या त्या खोलीत मावशी आणि तिची मुलगी राहायच्या. एक पलंग, एक शेगडी, पत्र्याचं छप्पर. साथीत त्यांना दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं?

सरांच्या डोक्यावर, भिंतीला, घरी बसायचा नियम डकवलेला होता. जाड अक्षरात, लाल चौकटीत. भिंतीला कधी ताप येत नाही, त्यामुळे सगळे नियम तिच्याकडूनच काटेकोर पाळले जातात.

"हां, आणि एक," सर मागून म्हणाले. "आठवीतल्या एका मुलाची आई रोज फोन करून डोकं खातेय. गणिताच्या मॅडम घरून तास घेतात, तो मधेच तोडतात म्हणे. नेट जात असेल, आणखी काय! तेवढं बघा जरा."

बाई व्हरांड्यात आल्या तोच फोन वाजला. ग्रंथपालांची बायको.

"बाई, मला भरपाई नको, सत्कार नको. एकच सांगा. हा माणूस घरात माझ्याशीसुद्धा खिडकीपलीकडून बोलायचा. माझं ताट दाराबाहेर, त्यांचं आत. मग शाळेत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं?"

२

ग्रंथपाल भित्रे होते. ते स्वतःच तसं सांगायचे. "दम्याचा माणूस आहे मी, मला शूरपणा परवडत नाही." परत आलेलं पुस्तक ते हातात घेत नसत; दाराबाहेरच्या खोक्यात टाकायला लावत आणि तिथेच मुरू देत. खोलीच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या. वाऱ्याने कागद उडायचे म्हणून टेबलावर दगड. येणाऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबवून ते आतून ओरडत, "काय हवंय? लांबून बोल, ऐकू येतं मला."

मावशीने कुलूप काढलं आणि स्वतः बाहेरच थांबली.

"आत ये," बाई म्हणाल्या.

"नको. परत म्हणतील, आली होती."

आजारातून उठून ती वाळली होती. चेहऱ्यावरचा मास्क मोठा वाटत होता.

"तुझी मुलगी आधी आजारी पडली?"

"कोण म्हणतं? आधी ग्रंथालयातले काका पडले. मग मी. मग पोरगी. उलटी माळ ओवलीय सरांनी. मी सकाळी काका यायच्या आत झाडून जायची. ते आले की मी बाहेर. इतक्या लांबून त्यांना मी काय फेकून मारलं?"

"हे सरांना सांगितलंस?"

"सांगितलं की! म्हणाले, तारखा तू मला शिकवू नकोस."

बाई आत शिरल्या. ग्रंथपालांचं टेबल दाराशी होतं, दगडांसकट. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटांच्या आड, आणखी एक टेबल होतं. त्यावर तीन जाडे शब्दकोश एकावर एक रचलेले. त्यापलीकडे खुर्ची. तिच्या मागे जगाचा मोठा नकाशा टांगलेला.

आणि नकाशा उलटा होता. समुद्र, देश, सगळं भिंतीकडे. खोलीकडे नुसती पांढऱ्या कापडाची पाठ. बाईंचं रक्तच तापलं. तो नकाशा त्यांनी वर्षानुवर्षं खांद्यावर टाकून वर्गावर्गात नेला होता. कोपरा फाटला तेव्हा मागून ठिगळ त्यांनीच लावलं होतं, आणि पांढरा दोरा नव्हता म्हणून निळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके घातले होते.

"हा कुणी फिरवला? तू झटकताना?"

"मी? हात लावायची सोय होती का? काका म्हणायचे, बाईंचा नकाशा आहे, त्याला फक्त बाई हात लावतील."

"मग?"

मावशी उंबऱ्याबाहेरून आत बघत राहिली.

"बाई, ती खुर्ची तर कपाटामागे पडलेली असायची. मोडकी. तिच्यावर कोण बसत होतं?"

३

पीटी सर मैदानात एकटेच उभे होते. मास्क हनुवटीवर, शिटी ओठात. शाळेत तेव्हा फक्त दहावीची मुलं यायची, तीही तुकड्या पाडून. फाटकावर गर्दी नको म्हणून एकेक तुकडी वेगवेगळ्या वेळी सोडायची आणि मावशीने प्रत्येक वेळी घंटा द्यायची. जुन्या वेळापत्रकाशी त्या घंटेचा काही संबंध उरला नव्हता. बाकीचे वर्ग घरून, फोनवर, आणि ते मात्र जुन्याच वेळापत्रकाने.

"मास्क वर घ्या," बाई म्हणाल्या.

"शिटी कशी वाजवू मग? नाकाने?"

"ग्रंथपालांजवळ गेला होतात?"

"मला धरताय होय! चाचणी करून घेतलीय मी, काही निघालं नाही. आणि तो माणूस कुणाला जवळ उभं करत होता? उलट माझ्यावरच रुसला होता."

"का?"

"शिटीवरून. शेवटी शेवटी मधली सुट्टी झाली की सगळ्या खिडक्या धाडधाड बंद. मी खालून ओरडलो, काका, गुदमराल! तर म्हणतात, तुझ्या शिटीने डोकं उठतं. अहो, माझी आख्खी नोकरी गेली त्यांच्या खिडकीखाली शिट्या मारण्यात. तेव्हा नाही उठलं!"

दम्याचा माणूस, वाऱ्यावर जगणारा, साथीच्या ऐन भरात खिडक्या लावून घेतो?

"थोड्या वेळाने परत उघडायचे," पीटी सर म्हणाले. "तासाभराने. रोजचं ठरलेलं. सगळ्यांचीच डोकी फिरलीयत हल्ली. मोठ्या सरांचंही. माझा चेंडू मागच्या फाटकाबाहेर गेला, किल्ली मागायला गेलो तर म्हणे, हरवली. आणि फाटकाच्या कुलपाला बघावं तर ताजं तेल घातलेलं! हरवलेल्या किल्लीच्या कुलपाला कोण तेल घालतं हो?"

बाईंनी मागच्या फाटकाकडे पाहिलं. तिथून निघालेली पायवाट वर्गांना वळसा घालून थेट ग्रंथालयाच्या जिन्याशी जात होती.

४

गणिताच्या मॅडम शाळेत सगळ्यांत लहान. कंत्राटावर. कायम होणार, होणार म्हणून दरवर्षी तोंडाला पानं पुसली जायची. सासऱ्यांना आजार झाला तशी ती घरी बसलेली, शाळेच्या दप्तरी तसंच होतं. संशयितांत तिला धरायचं कारणच नव्हतं. बाई गेल्या त्या पालकाच्या तक्रारीसाठी, निदान स्वतःला त्यांनी असंच सांगितलं.

घर दीड खोलीचं, पत्र्याच्या कारखान्यावर. जिना चढतानाच हातोड्यांनी कान बधिर झाले. मॅडमने दार उघडलं, साखळी मात्र काढली नाही. आतून म्हाताऱ्या माणसाचा खोकला, त्यावर लहान मुलाचं रडणं, आणि या सगळ्याखाली ठण, ठण, ठण.

"हे दिवसभर चालतं?"

"रात्री जेवायच्या वेळेला थांबतं. सवय झालीय."

"सासरे कसे आहेत?"

"वाचले." तिने मान खाली घातली. "बाई, मी नियम पाळला हो. त्यांची चाचणी आली त्याच मिनिटाला मोठ्या सरांना फोन केला होता. विचारा हवं तर."

"तुला कुठे कोण बोललं? तास घरूनच घेत होतीस ना?"

"हो. इथूनच." तिने मागे हात केला. "चादर लावते मागे."

हिरव्या भिंतीला ना खिळा होता, ना दोरी.

"एक आई तक्रार करतेय. तास मधेच तोडतेस म्हणे."

"नेट जातं, बाई."

"बरं."

बाई दोन पायऱ्या उतरल्या. वरून आवाज आला, हातोड्यांतून जेमतेम पोचणारा.

"काकांच्या घरी... काकू बऱ्या आहेत ना?"

बाईंनी वळून पाहिलं. साखळीच्या फटीत अर्धाच चेहरा दिसत होता, आणि तो ओला होता. ज्या माणसाशी आपली फक्त नमस्कारापुरती ओळख, त्याच्यासाठी माणूस असं रडत नाही.

५

तासांची चित्रफीत शाळेच्या संगणकावर साठवलेली असायची, चुकलेल्या मुलांसाठी. बाईंनी दार लावून घेतलं आणि मॅडमचा तास सुरू केला.

पहिली गोष्ट कानाला कळली. हातोडा नव्हता. खोकला नव्हता, मुलाचं रडणंही नव्हतं. मॅडमच्या आवाजामागे नुसती शांतता. पुस्तकांच्या खोलीत असते तशी.

दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला. मॅडम समीकरण सोडवत होती. "आता ही बाजू इकडे घेतली, म्हणून क्ष बरोबर..."

आणि थांबली.

नेट गेलं नव्हतं. चित्र हलत होतं, पापण्या लवत होत्या. तिने दोन्ही हात एकमेकांवर झटकले. हातात खडू नव्हता, फळा नव्हता, तरी झटकले. "उरलेलं उद्या," ती म्हणाली. कुणीतरी पोरगं ओरडलं, "मॅडम, अजून वेळ आहे!" ती दचकली. घड्याळाकडे पाहिलं, गडबडली, "नेट जातंय रे" म्हणाली आणि तास बंद झाला.

बाईंनी दुसरा तास लावला. तिसरा लावला. दरवेळी तेच. वाक्य अर्धं, हात झटकणं, मग दचकणं. दरवेळी दहावीची तुकडी सुटायच्या वेळेला.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. आपणही आयुष्यभर हेच केलं. अर्ध्यावर नदी सोडली, पर्वत सोडले. घंटा पडली की मास्तरची जीभ थांबते. त्याला विचारून नाही थांबत. बंद खिडकीतून फोनला ऐकू न येणारी ती घंटा मॅडमच्या हाडांना ऐकू येत होती.

पण मोठे सर म्हणतील, योगायोग. बाई संगणकाच्या पडद्याजवळ वाकल्या. मॅडमच्या कानामागे पांढरं कापड होतं. त्याच्या कोपऱ्यात चौकोनी ठिगळ.

टाके निळे होते. वेडेवाकडे.

६

शुक्रवारी सचिव आले. बांधकामाचा धंदा, शाळा ही हौस. बाईंनी सगळ्यांना ग्रंथालयात बोलावलं होतं: मोठे सर, पीटी सर, गणिताच्या मॅडम. मावशीला खाली घंटेपाशी उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, ग्रंथालयाची खिडकी बंद झाली की दोनशे आकडे मोज आणि टोला दे.

"अहवाल कुठाय?" मोठ्या सरांनी विचारलं.

"देते. आधी नियम एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. सचिवांनाही कळेल." बाईंनी खिडकी ओढून घेतली. "वारा फार आहे."

सरांना भाषण करायला सांगावं लागत नसे. ते उभे राहिले. शाळेची परंपरा, साथीतली जबाबदारी, कर्मचाऱ्यांचं कर्तव्य, असं करत करत ते नियमावर आले. "घरी बसायचा नियम सगळ्यांना सारखा. शिपाई असो की मुख्याध्यापक, त्यात लहानमोठं असं काही..."

घंटा पडली. बंद खिडकीतून, लांबून, बारीक.

सर थांबले. पीटी सर खुर्चीतून अर्धे उठले. मॅडमने दोन्ही हात एकमेकांवर झटकले, आणि लगेच पाठीमागे लपवले.

"काय झालं?" सचिव म्हणाले. "थांबलात का? बोला की!"

"हे मास्तर नाहीत, म्हणून यांना काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही तिघं-चौघं मात्र थांबलो. मॅडमही रोज थांबायच्या. आठवीच्या तासाला, दहावीच्या घंटेवर. जी घंटा या आवाराबाहेर कुणाला ठाऊक नाही."

मग त्यांनी एकेक करून मांडलं. फोन टेकवायला रचलेले शब्दकोश. हातोडा नसलेला तास. हरवलेल्या किल्लीचं तेल घातलेलं कुलूप. शेवटी त्या भिंतीपाशी गेल्या आणि नकाशाचा कोपरा उचलून निळे टाके दाखवले.

"काका दम्याचे. खिडकी उघडी असती तर वाचलेही असते. पण शिटी ऐकू गेली असती तर मुलांना कळलं असतं, मॅडम शाळेत आहेत. म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या. रोज, तिच्या तासापुरत्या."

मॅडमचा बांध फुटला. "मी सरांना म्हटलं होतं, घरून जमणार नाही, हातोडे आहेत, तास बंद ठेवू या. सर म्हणाले, तास बुडला तर पालक पोरं काढून नेतील. कागदावर घरी बस, मागच्या फाटकाने ये. किल्ली देतो. कायम व्हायचंय ना, म्हणाले. मला काही होत नव्हतं, बाई! ताप नाही, खोकला नाही. मला काय माहीत माझ्या अंगात..."

"काका काही बोलले नाहीत?"

"पहिल्या दिवशी दार अडवून उभे राहिले. मग मोठे सर आले. त्यांनी काकांच्या नोकरीच्या मुदतवाढीचं काढलं. नंतर काका मला म्हणाले, पोरी, तू त्या टोकाला बस, मी या टोकाला बसतो. होईल काहीतरी."

झालंच.

मोठे सर पांढरे पडले नाहीत. बाईंना तेच सगळ्यात लागलं. त्यांनी फक्त गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा सारखा केला. "नियम मोडलेला नाही," ते म्हणाले. "दप्तरी मॅडम घरी आहेत."

"दप्तरावर जायचं तर काका पण ठणठणीत असायला हवेत," बाई म्हणाल्या. "उठवून आणा."

बाईंनी अहवालाची दोन पानं सचिवांपुढे ठेवली; पहिल्यावर मावशी निर्दोष कशी, दुसऱ्यावर दोषी कोण. सचिवांनी घसा साफ केला. "बाई, तुमचं डोकं चांगलं आहे. पण शाळेचं नाव जाईल. आपण असं करू. मावशी निर्दोष, तिची नोकरी, खोली, सगळं शाबूत. आत्ता सही करतो. दुसरं पान मात्र नको. नाहीतर चौकशी लांबेल, आणि तोवर मावशीला शाळेच्या आवारात ठेवता येणार नाही. बघा तुम्ही."

बाईंनी दार उघडून मावशीला वर बोलावलं आणि सगळं तिच्या तोंडावर सांगितलं, काही न गाळता. मावशी ऐकत राहिली. मॅडमकडे तिने बघितलं, मोठ्या सरांकडे बघितलं.

"बाई, मला खोली पाहिजे," ती म्हणाली. "खरं तुमच्याकडे ठेवा."

सचिवांनी पहिल्या पानावर सही केली. ते पान बाईंनी घडी घालून मावशीच्या हातात दिलं. दुसरं पान सचिवांनी फाडलं.

"फाडा," बाई म्हणाल्या. "मला पाठ आहे. आणि मी बोलकी बाई आहे."

"या मॅडमचं काय करायचं?" सचिवांनी उठता उठता विचारलं.

"कंत्राट संपतंच आहे," मोठे सर म्हणाले. "घरी बसायचं असताना शाळेत आल्या. नियम म्हणजे नियम."

बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. इथे प्लास्टिकचा पडदा नव्हता. "सर, ती तक्रार तुम्हीच माझ्याकडे दिलीत. एका आईचं नीट ऐकलं असतंत, तर मला काही सापडलं नसतं. तुम्ही कुणाचं ऐकत नाही, म्हणून माणसं मरतात."

पीटी सरांनी मास्क नाकावर ओढला. आता.

७

ग्रंथपालांच्या बायकोने खुर्ची अंगणात मांडली होती, दुसरी लांब, भिंतीशी. बाईंनी सगळं सांगितलं. फाटक, किल्ली, मोठे सर, मुदतवाढ, नावानिशी. मॅडमचंही सांगितलं, की तिला काढलं आणि ती जिन्यात बसून राहिली होती.



"पहिल्यांदा दार अडवलं म्हणता?" बायकोने विचारलं.

"हो."

"मग दार सोडल्यावर खिडक्या कशाला लावल्या? त्या लावायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. मोठ्या सरांनी नाही, मॅडमनेही नाही. शिटी ऐकू गेली तर तिची नोकरी जाईल, म्हणून त्यांनीच."

"म्हणजे नोकरी वाचावी म्हणून."

"हो."

"आणि ती गेलीच."



बायको उठली. घराच्या खिडकीपाशी गेली; ज्या खिडकीपलीकडून ती दोघं बोलायची, ती. खिडकी अजून उघडी होती. तिने ती लावायला हात घातला, आणि तशीच सोडून दिली.

"मला म्हणायचा, मी भित्रा आहे," ती म्हणाली. "खोटारडा मेला."